लाईट, लेझर आणि चट्टे: मला सारखे विचारले जाणारे प्रश्न

मला सोरायसिस (अंगावर लाल, खवल्यांचे चट्टे येणारा त्वचेचा आजार) आहे, बरीच वर्षं झाली, आणि नॅरोबँडचे, म्हणजे ठरावीक अल्ट्राव्हायोलेट उजेडाच्या उपचाराचे, तीन कोर्स करून झालेत. त्यामुळे ओळखीत कुणाला डॉक्टरांनी "लाईट घ्या" सांगितलं की पहिला मेसेज मला येतो, दर वेळी तेच प्रश्न आणि दर वेळी तीच उत्तरं टाईप करून बोटं दुखायला लागली, म्हणून सगळं एकाच ठिकाणी लिहून टाकतेय. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगते. तुमचा डोस, तुमचं मशीन हे तुमच्या स्किनच्या डॉक्टरांनीच ठरवायचं, मी फक्त ते काय बोलतायत ते कळावं इतपत सांगणार.

लाईट घेणं म्हणजे नक्की काय असतं?

उभं कपाट असतं, आतून चारी बाजूंनी उंच ट्यूब, त्यात कपडे काढून, गॉगल लावून उभं राहायचं. ट्यूब लागतात, निळसर उजेड होतो, पंखा घुरघुरतो, आणि पहिल्या दिवशी तर "अरे, झालं पण?" म्हणेपर्यंत बंद होतं. दुखत नाही. थोडं कोमट लागतं एवढंच. तळहात-तळपायासाठी छोटी वेगळी मशीन असतात, डोक्यासाठी कंगव्यासारखी, आणि एखाद-दुसऱ्या चट्ट्यासाठी हातात धरायची.

मग उन्हातच बसते की रोज, फुकट आहे!

हा एक नंबरचा प्रश्न. आणि तो वेडगळ नाहीये बरं का, कारण उन्हाने सोरायसिस कमी होतो हे खरंच आहे, उजेडाने त्वचारोग बरे करायची आधुनिक गोष्टच मुळात तिथून सुरू झाली. नील्स फिन्सेन म्हणून डेन्मार्कमधले डॉक्टर होते, त्यांनी त्वचेच्या टीबीवर कार्बन आर्क दिव्याचा उजेड वापरला आणि १९०३ चं नोबेल मिळवलं. १९२५ मध्ये गोकरमन यांनी अमेरिकेत डांबर लावून वर अल्ट्राव्हायोलेट द्यायची पद्धत सोरायसिससाठी आणली. चिकट, घाणेरडा वास, चादरी खराब, पण काम करायची.

अडचण अशी की उन्हात सगळंच असतं. तुम्हाला हवा तो तुकडा त्यात थोडासाच, आणि नको असलेला ढीगभर. १९८१ मध्ये पॅरिश आणि येनिके या दोघांनी सोरायसिसच्या चट्ट्यांवर वेगवेगळ्या तरंगलांबीचे किरण टाकून बघितले, तर २९० नॅनोमीटर आणि त्याखालचे किरण नुसतेच भाजत होते, चट्टा तसाच, आणि ३०० ते ३१३ च्या आसपासचे किरण चट्टा घालवत होते. म्हणजे भाजणं आणि बरं होणं या दोन वेगळ्या गोष्टी निघाल्या! मग ३११ च्या आजूबाजूचाच उजेड देणारी ट्यूब आली, आणि तेच हे नॅरोबँड यूव्हीबी (यूव्ही म्हणजे अल्ट्राव्हायोलेट, बी हा त्यातला एक पट्टा), आज जगभर सगळ्यात जास्त वापरलं जाणारं.

शिवाय ऊन मोजता येत नाही. सकाळचं वेगळं, दुपारचं वेगळं, ढग आले की वेगळं. आणि काचेच्या खिडकीआड बसून तर काहीच उपयोग नाही, यूव्हीबी काचेतून जवळजवळ येतच नाही.

आत होतं काय त्याने?

सोरायसिस, एक्झिमा यांत त्वचेतल्या टी पेशी (रोगप्रतिकार करणाऱ्या पेशी) उगाच चवताळलेल्या असतात. यूव्हीबी वरवरच शिरतं, पण तेवढ्यात या पेशी मरतात, त्वचेतल्या पहारेकरी लँगरहान्स पेशींची संख्या कमी होते, सूज शांत करणारी रसायनं वाढतात, आणि भराभर वाढणाऱ्या वरच्या थराचा वेग मंदावतो. गोळ्यांसारखं पूर्ण शरीरभर फिरत नाही हा मोठा फायदा. तोटाही तोच. सांधे दुखत असतील तर लाईटने सांध्यांना काही फरक पडत नाही, चट्टे गेले म्हणून सांध्यांकडे दुर्लक्ष करू नका, ते वेगळं दाखवा.

कशाकशाला चालतं?

सोरायसिस, विशेषतः पातळ चट्टे आणि अंगभर ठिपक्यांसारखा येणारा गटेट प्रकार. एक्झिमा. पांढरे डाग म्हणजे कोड. लायकेन प्लॅनस, म्हणजे जांभळट खाजरे पुरळ. किडनीच्या पेशंटना जी भयंकर खाज सुटते त्यालाही देतात. एक्झिमावाल्यांनी एक लक्षात ठेवा, पाणी सुटतंय, चिघळलंय अशा अवस्थेत आधी मलमांनी शांत करून मग लाईट सुरू करतात, कारण चेंबरमधल्या उष्णतेने आणि घामाने खाज वाढू शकते.

डोस कसा ठरवतात? माझ्या शेजारच्या बाईला तीन मिनिटं आणि मला वीस सेकंद का?

हे नीट वाचा, सगळी गोम इथे आहे. लाईट हे औषध आहे आणि औषधाचा डोस मिनिटांत नसतो, मिलीज्यूलमध्ये असतो, दर चौरस सेंटिमीटरला किती मिलीज्यूल पडले ते. मिनिटं हा नुसता हिशोब. समजा तुमचा डोस ३०० मिलीज्यूल आहे आणि मशीन त्या अंतरावर दर सेकंदाला ५ मिलीज्यूल देतंय, तर ६० सेकंद. मशीनच्या ट्यूब जुन्या होऊन ४ वर आल्या, तर त्याच डोसला ७५ सेकंद. आता गंमत बघा, उद्या कुणी नवीन ट्यूब बसवल्या आणि तुम्ही सवयीने ७५ सेकंदच उभ्या राहिलात तर झाले ३७५, म्हणजे एकदम पाव पट जास्त, आणि रात्री अंगाची आग. म्हणून "किती मिनिटं" असं न विचारता "किती मिलीज्यूल" असं विचारा आणि आपल्या वहीत तोच आकडा लिहा.

सुरुवात किती पासून, तर दोन रीती आहेत. एक म्हणजे पाठीवर किंवा हातावर छोट्या छोट्या चौकोनांत वाढता डोस देऊन दुसऱ्या दिवशी बघतात की कमीत कमी कितीला त्वचा गुलाबी झाली, आणि त्याच्या साधारण ७० टक्क्यांपासून सुरू करतात. दुसरी म्हणजे त्वचेच्या रंगावरून अंदाजाने. गडद त्वचेला जास्त डोस झेपतो आणि जास्त लागतोही. मग दर वेळी साधारण १० ते २० टक्के वाढवत न्यायचं, त्वचा कुरकुर करत नाही तोवर. शेजारची बाई बहुतेक तिच्या पंचविसाव्या सेशनला असेल.

किती वेळा जायचं आणि फरक कधी दिसणार?

आठवड्यातून तीनदा, एक दिवस आड. सोरायसिसला साधारण २० ते ३६ सेशन. माझ्या बाबतीत पहिल्यांदा खवले कमी झाले, मग जाडी, आणि लाली सगळ्यात शेवटी गेली. दहाव्या सेशनला "काहीच होत नाहीये" म्हणून सोडणारे खूप बघितलेत, तिथेच तर डोस कुठे कामाचा व्हायला लागलेला असतो हो.

कोडाचं गणित वेगळं, तिथे महिने मोजायचे, निदान सहा महिने दिल्याशिवाय उपयोग नाही असं म्हणायचं नाही. रंग केसांच्या मुळांपासून ठिपक्याठिपक्यांनी परत येतो, म्हणून चेहऱ्यावर लवकर, आणि बोटांची टोकं, जिथे केसच नाहीत, तिथे फार चिवट. डागातले केसही पांढरे झाले असतील तर आणखी अवघड.

मधे दोन आठवडे गावाला गेले. परत जाऊन तोच डोस घेऊ?

नाही नाही नाही. त्वचेला झालेली सवय भराभर उतरते. साधारण नियम असा की आठवड्याच्या आत आलात तर तोच डोस, एक ते दोन आठवड्यांनी आलात तर पाव भाग कमी, दोन ते तीन आठवड्यांनी अर्धा, आणि त्यापेक्षा जास्त झालं तर पहिल्यापासून. प्रत्येक सेंटरचा तक्ता जरा वेगळा असतो. पण मुख्य म्हणजे तुम्ही सांगायला पाहिजे की सुट्टी झाली होती. मशीनवर बसलेल्या माणसाच्या लक्षात असेलच असं नाही.

आधी काय लावून जायचं?

खवले जाड असतील तर पातळ मिनरल ऑईल चालतं, त्याने खवला पारदर्शक होतो आणि उजेड आत जातो. जाड व्हॅसलिनचा थर, सॅलिसिलिक अ‍ॅसिडचं मलम, सनस्क्रीन हे सगळं उजेड अडवतं, ते नंतर. कॅल्सिपोट्रिऑल असलेलं मलम पण नंतरच, कारण यूव्हीने ते औषधच खराब होतं. परफ्यूम मारून जाऊ नका.

कपडे?

दर वेळी तेच. म्हणजे अक्षरशः त्याच मापाची चड्डी. अंगाचा जो भाग रोज झाकलेला असतो त्याला सवयच नसते, तो एक दिवस उघडा पडला की त्याला थेट पंचविसाव्या दिवसाचा डोस मिळतो. मी शहाणीने पंधरा सेशन केस मोकळे सोडून घेतले आणि सोळाव्याला उकडत होतं म्हणून अंबाडा घालून गेले. मान अशी भाजली की तीन दिवस ओढणी लागू देईना. चूक माझीच. केस कापले, दाढी काढली, अंगठी काढली, सगळं आधी सांगायचं.

डोळ्यांना गॉगल कायम, नुसते मिटून चालणार नाही. चेहऱ्यावर चट्टे नसतील तर चेहरा झाका. पुरुषांनी गुप्तांग झाकायचंच, तिथल्या त्वचेला कॅन्सरचा धोका जास्त असतो हे पुवा नावाच्या दुसऱ्या प्रकारच्या लाईटच्या (खाली सांगते) पेशंटमध्ये दिसलेलं आहे.

घरी आल्यावर लाल झालंय, घाबरू का?

यूव्हीबीची लाली लगेच दिसत नाही, १२ ते २४ तासांत सगळ्यात जास्त होते. हलकं गुलाबी, दुसऱ्या दिवशी गेलेलं, तर ठीक, उलट डोस बरोबर जागेवर आहे. २४ तासांनंतरही लाल आणि हात लावला की दुखतंय, तर पुढच्या सेशनआधी सांगा, डोस वाढवणार नाहीत किंवा कमी करतील. फोड आले तर लाईट बंद आणि सरळ डॉक्टर. गार पाण्याच्या पट्ट्या आणि साधं मॉइश्चरायझर तोवर.

मी काळी पडले!!

हो, पडणार. सगळ्यांत जास्त तक्रार हीच, आणि घरातले लोक चट्टे गेलेले सोडून रंगावरच बोलतात. कोर्स संपला की काही महिन्यांत उतरतं. चट्टा होता तिथे काही दिवस आजूबाजूपेक्षा गडद किंवा फिकट डाग राहतो, तो आजार नाही, आजार गेल्याची खूण आहे.

कॅन्सर होतो ना पण?

खरं उत्तर: कुठल्या लाईटबद्दल बोलताय त्यावर आहे. पुवा म्हणजे सोरालेनची (त्वचा उजेडाला हळवी करणारं औषध) गोळी घेऊन वर यूव्हीए, म्हणजे अल्ट्राव्हायोलेटचा दुसरा पट्टा. ही पद्धत १९७४ पासून गाजली, आणि १९७५ मध्ये अमेरिकेत १३८० पुवा पेशंट घेऊन त्यांच्यावर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं गेलं. त्यात दिसलं की खूप सेशन झालेल्यांना, दोनशेच्या पुढे वगैरे, त्वचेचा स्क्वॅमस सेल कॅन्सर बराच जास्त होतो, विशेषतः गोऱ्या त्वचेत. म्हणून पुवाला आयुष्यभराच्या सेशनची मर्यादा ठेवतात.

नॅरोबँडचं तसं अजून दिसलेलं नाही. स्कॉटलंडमध्ये ३८६७ पेशंट तपासले, २००८ मध्ये निकाल आला, नॅरोबँडमुळे त्वचेचा कॅन्सर ठळकपणे वाढल्याचं त्यात निघालं नाही. पण म्हणून शून्य धोका असं कुणी म्हणत नाही, यूव्ही ते यूव्हीच, म्हणून एकूण किती सेशन झाले ते आयुष्यभर लिहून ठेवा. डॉक्टर बदलला की फाईल हरवते, वही हरवत नाही. (माझी हरवली होती एकदा, पण फोटो होता.)

मग पुवा कुणी घेतच नाही का आता?

घेतात, जाड चट्ट्यांना, तळहात-तळपायांना, कारण यूव्हीए खोल जातं. तळव्यांसाठी गोळीऐवजी सोरालेनच्या पाण्यात हातपाय बुडवूनही देतात, मग मळमळ होत नाही. गोळी घेतलीत तर त्या दिवशी २४ तास यूव्हीए अडवणारा चष्मा, उन्हात आणि खिडकीजवळही, कारण यूव्हीए काचेतून येतं. पुवाचं भाजणं दोन-तीन दिवसांनी वर येतं, म्हणून रोज देत नाहीत. प्रेग्नन्सीत नाही, लहान मुलांना टाळतात. सोरालेन बावचीत पण असतं, त्यामुळे बावचीचं तेल लावून उन्हात बसणं म्हणजे न मोजलेला पुवा, मोठमोठे फोड आलेले पाहिलेत मी.

एक्सायमर लेझर सांगितलंय, ते काय?

३०८ नॅनोमीटर, म्हणजे नॅरोबँडचाच सख्खा भाऊ, पण फक्त चट्ट्यावर मारतात. आजूबाजूची चांगली त्वचा वाचते, त्यामुळे डोस जास्त देता येतो आणि सेशन कमी लागतात. कोपरं, गुडघे, डोक्यातले हट्टी चट्टे, चेहऱ्यावरचं छोटं कोड यांना छान. अंगभर असेल तर एकेक चट्टा मारत बसणं म्हणजे भिंत टूथब्रशने रंगवणं.

घरी मशीन घेऊ का?

माझं मत: सेंटर लांब असेल, नोकरी असेल आणि तुम्ही शिस्तीच्या असाल तर हो. नुसत्या मतावर नाही सांगत. नेदरलँड्समध्ये १९६ पेशंटवर झालेला अभ्यास २००९ मध्ये छापून आला, घरचं आणि हॉस्पिटलचं नॅरोबँड सारखंच निघालं. नंतर अमेरिकेत ७८३ पेशंटवर झाला, २०२४ मध्ये आला, त्यात १२ आठवड्यांनी त्वचा साफ किंवा जवळजवळ साफ झालेले घरी ३२.८ टक्के आणि सेंटरला २५.६ टक्के. मशीन घरचं भारी होतं म्हणून नाही, तर लोक घरी नियमित घेत होते म्हणून. आठवड्यातून तीनदा सेंटरला जाणं हीच तर मुख्य अडचण आहे या उपचाराची!

पण कुठलीतरी जांभळी ट्यूब ऑनलाईन मागवून नाही. नखं सुकवायचा दिवा, जंतू मारायचा यूव्हीसी दिवा, टॅनिंग बेड हे नॅरोबँड नाहीत. यूव्हीसी डोळे आणि त्वचा जाळतो, टॅनिंग बेड बहुतेक यूव्हीए देतात आणि २००९ पासून ते माणसात कॅन्सर करणाऱ्यांच्या पहिल्या गटात आहेत. घ्यायचं तर डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, डोस लॉक होणारं असेल तर उत्तम, अंतर फूटपट्टीने मोजून, आणि पोरंबाळं आत येणार नाहीत अशा खोलीत. ट्यूब बदलल्या की डोस परत ठरवायचा, वर सांगितलंय ते विसरू नका.

ते लाल-निळे एलईडी मास्क?

निळा, ४१५ च्या आसपासचा, पिंपल्सच्या जंतूंवर थोडाफार चालतो. लाल उजेडाबद्दल सोरायसिस-एक्झिमासाठी जे दावे करतात त्यामागे पुरावा अगदी तुटपुंजा आहे. त्यात यूव्ही नसतं, त्यामुळे ते नॅरोबँडची जागा घेऊ शकत नाही. मी पैसे घालणार नाही.

रोझेशियाला, काखेतल्या गळवांना लेझर करतात ते हेच?

नाही, तिथे तत्त्वच वेगळं. रोझेशियात (चेहऱ्यावर लाली आणि पुटकुळ्या येणारा आजार) पल्स्ड डाय लेझर, ५९५ नॅनोमीटरचं, किंवा आयपीएल (झगझगीत उजेडाचे झटके) वापरतात, रक्तातलं हिमोग्लोबिन तो उजेड पिऊन घेतं आणि फुगलेली बारीक नळी बंद होते. त्याने कायमची लाली आणि बारीक नळ्यांची जाळी कमी होते, पुटकुळ्या नाही, त्यांना औषधच.

हायड्राडेनायटिस, म्हणजे काखेत-जांघेत परत परत येणारी गळवं, त्यात केसाच्या मुळाशीच भानगड असते, म्हणून १०६४ चं एनडी-यॅग लेझर मारून केसाचं मूळच घालवतात, सुरुवातीच्या टप्प्यात केलं तर फायदा जास्त. आतून बोगदे तयार झाले असतील तर कार्बन डायऑक्साइड लेझरने तो भाग कापून काढतात, ती सर्जरीच समजा, जखम भरायला आठवडे. हा आजार असलेले लोक लाजून वर्षानुवर्षं सांगत नाहीत, याचा मला फार त्रास होतो.

प्रेग्नन्ट आहे, बंद करू?

नॅरोबँड चालतं, उलट बऱ्याच औषधांपेक्षा हेच बरं. फक्त यूव्हीने रक्तातलं फॉलिक अ‍ॅसिड कमी होऊ शकतं, म्हणून गोळी चुकवू नका आणि डॉक्टरांना सांगा.

मुलांना?

गॉगल न काढता एकटं शांत उभं राहता आलं तर नॅरोबँड देतात.

कुणी घ्यायचंच नाही?

ल्युपस, पोर्फिरिया, झेरोडर्मा पिगमेंटोसम (उन्हाने बिघडणारे आजार) असलेल्यांनी नाही, आणि मेलॅनोमा (त्वचेचा एक गंभीर कॅन्सर) होऊन गेलेल्यांबाबत फार जपून. सायक्लोस्पोरिन (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) चालू असताना लाईट टाळतात. डॉक्सिसायक्लिन, बीपीच्या थायझाइड गोळ्या अशी काही औषधं त्वचा उन्हाला हळवी करतात, तर सुरू करण्याआधी सगळ्या गोळ्यांची यादी दाखवा आणि मधे नवीन गोळी लागली की तेव्हाही.

बंद केल्यावर परत येतो?

येतो. कुणाला तीन महिन्यांनी, कुणाला वर्षाने. माझा पहिल्या कोर्सनंतर आठ महिने गायब होता, दुसऱ्यानंतर चारच. मूळ प्रवृत्ती लाईटने जात नाही, म्हणून "कायमचा बरा" अशी जाहिरात दिसली की पुढे चला. साफ झाल्यावर एकदम तोडायचं की आठवड्याला एक सेशन करत हळूहळू कमी करायचं यावर डॉक्टरांत एकमत नाही, मी हळूहळू कमी करते.

नखांना?

फारसं नाही, नखाच्या कवचातून उजेड पुरेसा जात नाही.

डोक्यात?

केस अडवतात. भांग पाडून कंगव्याच्या मशीनने किंवा एक्सायमरने, आणि बाजूला कुणीतरी केस धरायला लागतं, माझी धाकटी बहीण धरते आणि दर वेळी कुरकुरते.